मारबतीबरोबर गेलेले देव

थांबा, थांबा — त्यावरून चाक नेऊ नका! पाऊलसुद्धा नको. असे बाजूने या, या मोहाच्या बुंध्याकडून — हां, इथे लावा गाडी, सावलीत. नाही हो, अपघात वगैरे काही नाही, आंदोलनही नाही. पळसाच्या फांद्या आहेत त्या, आणि फाटकी सुपं, झिजलेले खराटे, बूड गेलेल्या बादल्या. कचराच आहे. पण साधा कचरा असता तर मी एवढ्याने ओरडलो असतो काय? हा आवाज मी सप्ताहातल्या कीर्तनासाठी राखून ठेवलेला आहे, येणाऱ्याजाणाऱ्या मोटरसायकलींवर तो खर्च करत नाही. बसा. आमच्या इकडच्या प्रतापगडाचा रस्ता हाच, नहरेवरचा पूल ओलांडायचा, आमच्या गावातून सरळ निघायचं. किल्ला काही पळून जात नाही. वर महादेव आहे, दर्गाही आहे, आणि त्या दोघांत आजवर भांडण झाल्याचं मी ऐकलं नाही. पायथ्याच्या नारळवाल्यांत मात्र रोज होतं. सासुरवाडी तिकडे? वा. आणि हँडलला बांधलेला हा लाकडी नंदी — लेकासाठी! खरंच की, आज तान्हा पोळा. शिंगांना बेगड, पायाला चाकं, गळ्यात घुंगरू — चांगला घेतलात. पोरगं सकाळपासून दारात उभं असेल. पोचाल, पोचाल, पोरांचा पोळा दुपार कलल्यावर भरतो. पाणी प्या आधी.

मी चैतराम. गावात मला महाराज म्हणतात, कारण भजनी मंडळात मीच सर्वांत म्हातारा उरलो आहे. आणि मी थोडा पुस्तकी बोलतो, ते पोथी वाचून वाचून जिभेला लागलेलं वळण आहे, त्याचा राग मानू नका — घरी बायकोसमोर, सुशिलाबाईसमोर, ते वळण आपोआप सुटतं. तुम्ही गोंदियाचे म्हणजे तुम्हाला मारबत ठाऊक असेल. आमच्याकडे तिची मिरवणूक निघत नाही, बँड नसतो. पोळ्याच्या दिवशी दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात, मेढे म्हणतात त्यांना; आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज, उजाडताना पोरं ते मेढे उचलतात, प्रत्येक घर आपली एखादी मोडकी वस्तू दारात काढून ठेवतं, तीही उचलतात, आणि सगळं गाव त्यांच्यामागे ओरडत निघतं — ईडा पीडा घेऊन जा गे मारबत! खोकला घेऊन जा गे मारबत! मच्छर घेऊन जा, डेंगू घेऊन जा — यंदा एका सासूने ‘सुनेचा मोबाइल घेऊन जा गे मारबत’ म्हणून हाळी दिली, सुनेने लगेच सासूचं नाव घेतलं, दोघींची पीडा एकाच बादलीत गेली. नहर ओलांडायची, इथे सगळं टाकायचं, आणि मागे वळून न पाहता परतायचं. ही इटियाडोह धरणाची नहर, हा कालवा, आमची हद्द. धरण होण्याआधी हद्द पलीकडच्या नाल्यावर होती; सरकारने नहर खोदली तशी पीडेची हद्दही सरकली, पीडेने कुठे तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

आणि सर्वांत पुढे कोण ओरडतो? मीच. हसू नका — हसा, हसा, मला स्वतःलाही आज सकाळपासून हसू येतं आहे, फक्त ते बाहेर पडत नाही. कारण पहा, सप्ताहात मी काय सांगतो? कर्म तीन प्रकारचं. कोठीत भरून ठेवलेलं धान ते संचित. त्यातलं काढून, कांडून, चुलीवर चढवलं आणि रटरटायला लागलं ते प्रारब्ध — ते आता पुन्हा कोठीत टाकता येत नाही, गिळावंच लागतं, करपलं असलं तरी. आणि आज चिखलात वाकून जे रोवता आहात ते क्रियमाण. बायाबापड्या माना डोलावतात. मग मी आवाज चढवतो — ज्याचं त्याने जेवायचं बाबांनो, बाप लेकाचं जेवू शकत नाही, बायको नवऱ्याचं जेवू शकत नाही! टाळ्या पडतात. आणि वर्षातून एकदा, पहाटे, तोच मी, त्याच आवाजात — घेऊन जा गे मारबत! कोणाचं घेऊन जा? आमचं. कोणाकडे? ते कोणी विचारत नाही. नहरेच्या पलीकडे. म्हणजे तुमच्याकडे म्हणा ना, तुम्ही पलीकडूनच आलात. दोन्हीपैकी एक खोटं असलं पाहिजे, बरोबर? कर्म देता येत नसेल तर मारबत खोटी, आणि मारबतीला देता येत असेल तर माझं कीर्तन खोटं. मी दोन्हीकडे पुढे उभा असतो. दोन्हीकडे मला नारळ मिळतो.

तुम्ही या टोपलीकडे केव्हापासून पाहता आहात. विचारलं नाहीत, सभ्य आहात. सारं गाव मागे न पाहता परतलं, मग हा म्हातारा कचऱ्याजवळ काय राखत बसला आहे? उघडतो. घाबरू नका, साप नाही. घ्या दर्शन — देव आहेत माझे. हा बाळकृष्ण, रांगता. ही अन्नपूर्णा, पळी केव्हाच मोडली तिची, तरी वाढतेच आहे. हे विठ्ठल-रखुमाई; माझ्या आज्याने, बापाने आणि मी घासून घासून दोघांची नाकं सपाट करून टाकली — भक्ती म्हणजे काय ते या नाकांकडे पाहून कळावं. आणि ही महादेवाची पिंड, नागऱ्याच्या देवळात बापाने तिला एकदा अभिषेक करून आणलं होतं, तेव्हापासून ती घरात जरा ताठ्यानेच असते. सगळे मारबतीबरोबर आले. साऱ्या गावाचा खोकला, खरूज, ताप आणि माझे देव, एका ढिगात.

कसे म्हणजे? सोवळ्यामुळे. दुसरं काय! पोळा म्हणून देवघराला चुना लावला, देव चिंचेने घासले, आणि रात्रभर निथळायला या टोपलीत घालून ओसरीवर ठेवले. आता ओसरीवर कुत्रं येतं, शेजारची कोंबडी येते, देवांना कोणाचा स्पर्श व्हायला नको — म्हणून वर जुनं धोतर अंथरलं, आणि कुत्र्याने तोंड घालू नये म्हणून त्यावर एक तुटकं सूप पालथं घातलं. नीट, काळजीपूर्वक. आणि उजाडता पोरं आली. त्यांनी काय पाहिलं? दाराशी पळसाचा मेढा, आणि त्याच्या शेजारी जुनं धोतर, तुटकं सूप, जुनी टोपली. महाराजांनी यंदा भरघोस पीडा काढली म्हणून ती खूश झाली असतील! उचललं आणि निघाली. आणि मी कुठे होतो? मी पुढे होतो. मी ओरडत होतो. माझ्या मागे चार पोरांच्या हातांवर माझेच देव नहर ओलांडत होते आणि मी गळा फाडून सांगत होतो — घेऊन जा, घेऊन जा. परत आलो, आंघोळ केली, पूजेला बसलो, पाट रिकामा. सुशिलाबाई म्हणाली, “सूप काऊन झाकलं? आँ? दारात तुटकं सूप दिसलं तं पोट्टे काय आरती करनार होते?”

मला तिचा राग नाही आला. देवांचा आला. खरं सांगतो. जन्मभर न्हाऊ घातलं, ऊन पडलं की पडदा, थंडी पडली की बंडी, पहिला आंबा तुम्हाला, पहिली लोंबी तुम्हाला — आणि चार पोरं उचलून कचऱ्यात नेतात तर पाचांपैकी एकाने तोंड उघडू नये? ‘अरे, आम्ही आहोत रे’ एवढं म्हणायला काय झालं होतं? गजेंद्रासाठी धावले म्हणतात. ओसरीवरून घरात, बारा हात धावता आलं नाही. हा बाळकृष्ण तर रांगतो आहे, मांडी घालून बसलेलाही नाही, त्याला तरी सबब नाही! — माफ करा. सकाळपासून मी आणि हेच आहोत इथे, आणि यांच्याशी बोललं की असंच बोलणं होतं. ते ऐकून घेतात. तेवढा एक गुण आहे.

नेता का नाही? अहो, तेच तर सांगतो आहे. या ढिगातलं काही परत न्यायचं नसतं. ज्याच्या हाताने परत जाईल त्याच्या घरात गावाची वर्षभराची पीडा शिरते. पूर्वी एकाने एक चांगली बादली दिसली म्हणून उचलून नेली, तर पोळ्यानंतर महिन्याभरात त्याची म्हैस मेली. तशी ती म्हैस बादलीपेक्षाही जुनी होती, पण बादलीवर नाव लागलं. आता मला सांगा, बादलीला नियम आणि देवाला सूट? मी पारावर गेलो, चार माणसं गोळा केली. उमेंद्र म्हणून आहे, मंडळाचा पुढारी, पोरगा वाईट नाही, फक्त प्रत्येक प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर असतं. म्हणतो, “महाराज, जे गेलं ते गेलं. नियम तुमच्यासाठी येगळा आन आमच्यासाठी येगळा, असं कसं चालंल? देव काय, गोंदियाच्या मार्केटात भेटतेत ना. नवे, चमकदार. नाक-गिक सारं शाबूत.” मी म्हटलं, अरे, बाप म्हातारा झाला म्हणजे मार्केटातून आणतोस काय? तर म्हणतो, “बापाले मारबतीत कोन ठेवते?” सगळे हसले. मग दुसरा म्हणाला, एवढं काऊन डोकं लावता, यादोरावला सांगा. तो मानत नाही. त्याला काही होत नाही. आणि सगळ्यांच्या माना अशा हलल्या, जशा माझ्या कीर्तनात हलतात. मिटलं! किती सोपं होतं!

यादोराव माझ्या वर्गातला. एसटीत वाहक होता, आता शेती पाहतो, बौद्ध वस्तीत पहिलं घर त्याचं. आमचं भांडण शाळेपासूनचं आहे आणि ते आम्ही सांभाळून ठेवलं आहे, दुसरं आता उरलंय कोण भांडायला? त्याला कर्माचा विषय फार आवडतो, कारण त्यावर मला घाम फोडता येतो. एकदा माझं कीर्तन संपलं तसा मागून येऊन म्हणाला, “काय गा चैत्या, पेरलं तेच उगवते म्हन्तेस ना? मंग माह्या धानाच्या बांधीत करगा कोन पेरला? तुह्या आज्यानं?” करगा जाणता ना? धानासारखंच दिसतं, पान तेच, उंची तीच, निंदताना हाताला कळत नाही. आणि दाणा पिकायच्या आत झडून मोकळं होतं, वर पुढच्या वर्षाची सोय करून जातं. पेरत कोणी नाही, भोगतात सगळे. मी त्याला काहीतरी उत्तर दिलं तेव्हा. मोठं उत्तर होतं. आता आठवत नाही. आणि मारबतीवर तर तो वाहकाच्याच भाषेत बोलतो — “ज्यानं तिकीट काढलं त्यानंच बसाव लागते, हे मले कळते, जिंदगीभर मी तेच केलं. मंग तुमी साऱ्या गावाचे तिकीट एका फाटक्या टोपल्याच्या नावानं कसे काय काढता?” अशा माणसाला मी बोलवायला गेलो. म्हणजे उमेंद्र जाणार होता, पण म्हटलं नको, मीच जातो, माझं तो मोडणार नाही.

आला ना. लगेच आला, सदऱ्याची बटणं लावत. इथे येऊन ढिगाकडे पाहिलं, देवांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “आज देवासंगं डबा-पार्टी होय का गा?” मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता. मग तिथे, तुम्ही बसलात तिथेच, टेकला आणि म्हणाला — थांबा, त्याआधी मला तुम्हाला एक सांगायचं राहिलं. पूर्वी या वस्तू पोरं नेत नसत. यादोरावच्या आज्याकडे होतं ते काम. काम नाही म्हणायचे, मान म्हणायचे. मारबतीचा मान! सगळ्या गावाची पीडा एका माणसाच्या डोक्यावर द्यायची, वर मूठभर धान द्यायचं, आणि तो गेला की त्याची पावलं शेणाने सारवून काढायची. केवढा मान. छप्पन्न साली त्यांनी दीक्षा घेतली, पुढच्या पोळ्याला गाव त्यांच्या दाराशी गेलं, तर म्हातारा बाहेर आला आणि म्हणाला, तुमचा मान तुमी घ्या, मी लय दिवस सांभाळला. मी तेव्हा पोर होतो, बाप घरी येऊन सांगत होता ते आठवतं. बाप चिडला होता. त्या वर्षी पहिल्यांदा गावाने आपली पीडा आपल्या हाताने उचलली, आणि कोणालाही काही झालं नाही, आणि तरीही कोणाच्या लक्षात काही आलं नाही.

तर यादोराव म्हणाला, “आनतो ना. मले काय होते? पन एक सांग चैत्या. मले काही होत नाही म्हनून आनू, का मले काही झालं तरी तुमचं काही जात नाही म्हनून आनू?”

  मी म्हटलं, अरे तू मानत नाहीस ना. तर म्हणाला, मी नाही मानत, तू मानतेस ना? तुह्या मनानं तू साऱ्या गावाचं दुखनं माह्या घरी धाडून राहिला. रागावला नव्हता हो. रागावला असता तर बरं झालं असतं, आमची रागाची रीत ठरलेली आहे. उठला. खिशातून दोन पेरू काढले, एक मला दिला, एक बाळकृष्णापुढे ठेवला — “याचा उपास काऊन?” — आणि गेला. फवारणी करायची होती. जाता जाता म्हणाला, बोलव कधीही, पण आधी जवाब दे. तो पाहा पेरू. तसाच आहे. या महाशयांनी खाल्ला नाही, आणि माझा मीही खाल्ला नाही.

असो. सांगायचं कारण असं — तुम्ही घाईत आहात, मी अडवत नाही — पण तुम्ही पाहा, परगावचे. शिवाय तुम्ही पुलावरून जाणारच आहात. परक्या माणसाला आमच्या गावची पीडा लागत नाही, असं शास्त्रात आहे. म्हणजे शास्त्रात नाही, उमेंद्र म्हणतो. पण तर्क बरोबर आहे ना? पीडा आमच्या गावची, तिला तुमचं घर कसं ठाऊक असणार? तुम्ही फक्त ही टोपली घ्यायची, पूल ओलांडायचा, पहिल्या पिंपळाखाली पार लागतो, त्यावर ठेवायची आणि न थांबता पुढे जायचं. गाडीवर अर्ध्या मिनिटाचं काम. पुढचं मी पाहीन. पुण्य? पुण्य तर लागेलच! पाच देवांना स्वगृही पोचवायचं पुण्य, प्रतापगड चढायची गरज उरणार नाही. सकाळपासून दोन गाड्या गेल्या, एक दूधवाला, तो थांबलाच नाही. एक जोडपं, बाई गरोदर दिसली, मग मीच हात केला नाही. गरोदर बाईला कसं सांगणार. ते तर — ते नाही सांगवत.

माझ्या घरीही आहे ना. भाग्यश्री, नात माझी. सातवा लागला. म्हणून तर — तुम्हाला वाटत असेल म्हातारा नियमाला घाबरतो, गावाला घाबरतो. गावाला कोण घाबरतं! माझ्या एकट्याच्या छातीत येईना का सगळा खोकला, तसाही मी आता किती शिल्लक आहे. पण पीडा घरात शिरते म्हणतात, आणि घरात शिरली की ती म्हाताऱ्याला शोधत बसत नाही, जे कोवळं असेल तिकडे जाते. गेल्या वर्षी तिचं पहिलं — पाचव्या महिन्यात — असो. बाया भेटायला आल्या. एक म्हणाली, मागच्या जन्माचं असते बाई. एक म्हणाली, भोगाव लागते. सगळी माझीच वाक्यं होती, मी ओळखली, माझ्या सप्ताहातली, माझ्या चालीत. आणि त्या गेल्यावर पोर मला विचारते, आजा, मी काय केलं होतं गा? आता कीर्तनकाराला कोणी असा प्रश्न विचारतं? तीन प्रकारचं कर्म तोंडपाठ असलेला माणूस मी. संचित आठवलं, प्रारब्ध आठवलं.  तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि काढून घेतला. अजून विचारते ती तोच प्रश्न, डोळ्यांनी. आणि अशा घरात मी स्वतःच्या हाताने ही टोपली न्यायची? आणि न्यायची नाही तर — हे कुठे राहणार? हे रात्री इथे राहणार? कधी राहिले नाहीत हो. सांजेला दिवा लागल्याशिवाय मला यांचा चेहरा — नाकं नाहीत, पण चेहरे आहेत यांना. मला दिसतात.

ती म्हणते आण. फोन केला होता मघाशी. तिला काय कळतं! म्हणते, “आजा, भेव मले वाटाले पायजे, तुले काऊन वाटून राहिलं? देव आन, नाही तं राहू दे, पन तू घरी ये. भाजी थंडी होऊन राहिली.” भाजी! इथे धर्मसंकट उभं आहे आणि तिकडे भाजी थंड होते आहे. मी म्हटलं, ठेव फोन, तुला यातलं कळत नाही. तर हसली. वर्षभरानं हसली असेल. मी ठेवून दिला.

अहो — उठलात? नाही, जायचं असेल तर जा, मी — घेता? नेता म्हणता? खरंच? मला वाटलं तुम्ही आणखी काही विचाराल. धन्य आहात. हां, सांभाळून, तळाशी पिंड आहे, जड आहे ती. धोतर वर ओढून घ्या, ऊन लागेल. मागे नको, मागे धक्के बसतात. हँडललाच अडकवा, दोरी आहे ना — हां, नंदीच्या शेजारी. छान. शोभतंय. महादेवासमोर नंदी असायलाच हवा, नाही का? — काय गोंडस घुंगरू आहे. हललं की वाजतं. पोरगं झोपेतसुद्धा घेऊन —

थांबा जरा. नाही, गाडी सुरू करू नका. पोराचं नाव काय म्हणालात? नाही म्हणालात. मीच विचारलं नाही. मघापासून मी तुम्हाला माझ्या आज्यापासून नातीपर्यंत सगळं सांगितलं आणि तुमच्या लेकाचं नाव विचारलं नाही. नका सांगू आता. नका सांगू. मला एवढंच सांगा, तुम्ही इतक्या चटकन हो का म्हणालात? तुम्हाला काही होत नाही असं मी म्हटलं म्हणून? मी म्हटलं म्हणून! मला काय ठाऊक होतं काय होतं नि काय होत नाही? त्या दूधवाल्याच्या बाईला — त्या जोडप्याच्या बाईला मी हात केला नाही, कारण तिचं पोट दिसत होतं. तुमचं पोरगं नंदी होऊन हँडलवर लटकलेलं मला दिसत होतं, तरी मी तुम्हाला सावलीत बसवलं. पाणी दिलं. यादोरावच्या आज्यालाही असंच कोणीतरी सावलीत बसवलं असेल हो. गोड बोलून. मान आहे बाबा हा, म्हणून. माझ्याच कोणीतरी. असाच कमावलेला आवाज असेल त्याचाही.

ठेवा. ठेवा ती खाली. देवाशप्पथ सांगतो — देव तर आत बसले आहेत, त्यांना काय शपथ घालायची — उतरवा म्हणतो ना! द्या इकडे. माझ्या हातात द्या. अशी.

हां. जड आहे. सकाळी चार पोरांनी कशी नेली कोण जाणे. — आता पाहा, उद्या गावात कोणी शिंकलं तरी माझ्या दाराशी येणार. कोणाची बकरी आटली तरी चैतराम महाराज. येऊ द्या, कीर्तनाला तरी इतके येत नाहीत. आणि ती पोर… तिने सांगितलंय आण म्हणून, तिचा जीव, तिचं घर, तिने हसून सांगितलं, आणि मी मोठा शास्त्री तिला म्हणतो तुला कळत नाही. तिला विचारलंच आहे कोणी आजवर? — उठा हो पांडुरंगा. चला. प्रारब्ध शिजलं असेल ते शिजलं असेल, भाजी थंड होते आहे. तो पेरू राहू द्या, तो — नाही, द्या. यादोरावच्या घरावरून जायचं आहे. जवाब नाही माझ्याजवळ, पण पेरू तर परत करता येईल.

तुम्ही कशाला थांबलात? जा. माझ्या मागे मागे नका येऊ, आधी तुम्हीच निघा, गावात थांबू नका, पारावर कोणी विचारलं तर इथे कोणी नव्हतं म्हणा. नंदीची दोरी आवळून घ्या, सैल झाली आहे. अहो, जा म्हणतो ना! पोरगं दारात उभं असेल.